मुक्या पंगतीचं मीठ

"माझं कुणी खरं मानलंच नाही," बायजा म्हणाली. "आमटी अळणी होती. रोज अळणी होती. मी घसा फोडून सांगत होते, एकानं मान डोलावली नाही. तुम्ही तर पंगतीच्या तोंडाशी बसायचात, महाराज. तुम्ही सांगा. अळणी होती का नव्हती?"

केवलगिरी महाराजांनी पानावरचा हात मागे घेतला.

"होय म्हणा नाहीतर नाही म्हणा. एवढं म्हणायला काय जड जातंय?"

...

खाडीच्या काठी, मिठागराच्या बांधाला लागून हा मठ. मठ म्हणजे काय, कुडाच्या भिंती, वर कौलं, मधे एक धुनी. मागचं स्वयंपाकघर मठापेक्षा मोठं. दुपारी मिठागरावरची माणसं तिथं जेवायला बसत, वाटेनं जाणारे गोसावी बसत. रांधायला बायजा. नवरा गेल्यापासून तीच रांधत होती. तोंडानं फटकळ, पण हाताला चव अशी की माणसं वाट वाकडी करून यायची.

मठाचे नेम दोन. नैवेद्य दाखवेपर्यंत रांधणारीनं काही चाखायचं नाही, मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं. आणि पंगतीत अन्नाविषयी ब्र काढायचा नाही. चांगलंही म्हणायचं नाही, वाईटही नाही.

पहिला नेम घरोघरचा, जुना. दुसरा केवलगिरींनी स्वतः घातलेला, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. अभिमान म्हटलं की मठातली माणसं रागावतात. रागावोत. लांबून लांबून लोक बघायला यायचे, की या बुवापुढे खीर ठेवा नाहीतर कडुलिंबाचा रस ठेवा, तोंडावरची सुरकुती हलत नाही. जीभ जिंकलेला माणूस, म्हणायचे. महाराज खाली बघायचे. खाली बघणाऱ्यालाही कान असतातच.

बायजाच्या हाताखाली तिची सून होती, मथुरा. नैवेद्याआधी मीठ घालायचं काम मथुराकडे.

होतं. मथुरा आता नव्हती. तिला खाडीनं नेलं, त्याला आठवडा झाला नव्हता.

...

"आज पदू येतोय," बायजा म्हणाली.

पदू तिचा एकुलता एक. मिठाच्या मचव्यावर असायचा, महिना महिना बाहेर.

"बायको गेली हे कळलंय त्याला. का गेली ते कळलं नाही. पाय खाली ठेवला की विचारेल. मी सांगणार, बाबा, तिच्या हाताला मीठ नव्हतं, मी बोलले, तिनं मनाला लावून घेतलं. तो म्हणेल, आई, खोटं. मला ठाऊक आहे माझं पोर. म्हणून तुम्ही पाहिजेत. बांधावर या आणि एवढंच म्हणा, होय, आमटी अळणी होती. पुढचं मी बघते."

"एवढंच?"

"एवढंच. तुमचं म्हणणं तो मोडणार नाही."

महाराजांनी पानातल्या आमटीकडे बघितलं. आजचं सगळं बायजानं एकटीनं रांधलं होतं. वाल, भात, आमटी. पंगत कधीच उठून गेली होती. महाराजांचं पान तसंच.

"मीठ काय करतं, बायजा?"

"मला शिकवताय?"

"विचारतोय."

"मीठ काही करत नाही." ती चिडली, पण रांधणं म्हटलं की तिला गप्प बसवत नसे. "मीठ नुसतं असतं. ते असलं की वाल वालासारखे लागतात. भाताला भाताचा गोडवा येतो. ताकात चिमूट पडली की ताक गार वाटतं, नाहीतर नुसतं आंबट पाणी. भाकरीच्या उकडीत टाकलं तर कोरडी भाकरी नुसती खाववते. गुळाच्या खिरीत सुद्धा कण टाकतात, गूळ जागा होतो. आणि खाणाऱ्याला मीठ लागलं, की समजावं रांधणारी चुकली. त्या पोरीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं मी."

"शिकली?"

"शिकली." बायजा पटकन म्हणून गेली. मग तिनं पदर सारखा केला. "हुशार होती हो. आधी अगदी बेताचं घालायची. मी सांगायची गरज नाही. मग कुठं माशी शिंकली देव जाणे. शिमगा झाला आणि सगळं अळणी. भात म्हणजे ओला कापूस. ताक म्हणजे चुन्याची निवळी. वाल तोंडात घातले की फडकं चघळतेय असं वाटायचं. मी म्हटलं, मुद्दाम करतेय. सासूचं नाव घालवायला बघतेय."

"शिमग्यात तू तापानं पडली होतीस."

"ताप कुणाला येत नाही?"

...

"मग काय केलंस?"

"काय करणार? नैवेद्य झाला की ती पानं मांडायला जायची. तेवढ्यात मी चाखायची. अळणी. वरून मूठभर घालायची. पुन्हा चाखायची. तरी अळणी. आता बघा, ती किती कमी घालत असेल."

"मूठभर घालूनही अळणी."

"तेच तर ओरडत होते मी."

"पंगत उठली की माणसं माठाकडे धावायची."

"उन्हाळ्याचे दिवस."

"मथुरा आमटीत पाणी ओतून खायची."

"माहेरची सवय. तिकडे सगळं पातळच असतं."

हे तिच्या तोंडून आपसूक गेलं. रोज त्या पोरीला हेच म्हणायची, याच चालीत. म्हटलं आणि ती थांबली. ऐकायला पोर नव्हती.

महाराज म्हणाले, "त्या दिवशी ती काय म्हणाली, आठवतं?"

"तुम्ही होतात की."

"तू सांग."

"उलट बोलली." बायजाचा आवाज उतरला. "भरल्या पंगतीत. म्हणाली, आत्याबाई, रागावू नका, तुमच्या जिभेला काही झालंय का... वैद्याला दाखवू या का... मी तोंडात मारली. म्हटलं, विचार या माणसांना. विचार, अळणी आहे का नाही."

"विचारलं तिनं?"

"तोंडानं नाही. बघत होती एकेकाकडे. कुणी मान वर केली नाही. नेम पाळत होते मेले." तिनं धुनीतलं लाकूड आत सारलं. "तुमच्याकडे जास्त बघत होती."

...

"मग म्हणाली, जाते माहेरी. म्हटलं, जा. ओहोटी होती. पलीकडच्या तीरावर चालत गेली की माहेर. सगळे जातात चिखलातून, नवं नाही. पण रडत गेली. भान नसेल. अर्ध्यात भरती लागली..."

बायजानं डोळे पुसले नाहीत. डोळ्यांत काही नव्हतंच.

"आता सांगा. येणार ना बांधावर?"

महाराज उठले. काठी घेतली, कमंडलू घेतला आणि एकटेच बाहेर गेले. म्हाताऱ्या माणसाला बांध चढायला वेळ लागतो. बायजा धुनीपाशी बसून राहिली. आपण फार बोललो का, असं तिला एकदा वाटलं. वाटलं ते तिनं झटकून टाकलं.

ते परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. कमंडलू भरलेला.

"घे. घसा सुकला असेल."

बायजानं ओंजळ पुढे केली. महाराजांनी धार धरली. ती घटाघटा प्यायली. दुसरी ओंजळही प्यायली.

"कुठल्या विहिरीचं?"

"कसं आहे?"

"पाणी कसं असणार? पाण्यासारखं. जरा जड आहे."

महाराज तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी कमंडलू कलता केला आणि उरलेलं पाणी धुनीच्या कडेच्या तापल्या दगडावर ओतलं.

चर्र झालं. वाफ उठली.

वाफ विरली तेव्हा काळा दगड पांढरा झाला होता.

...

बायजा मिठागरावर जन्मलेली बाई. पांढरं म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं. तरी ती पुढे सरकली. नखानं खरवडलं. जिभेवर ठेवलं.

पुन्हा खरवडलं. पुन्हा ठेवलं.

तिसऱ्यांदा हात दगडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. चटका बसत होता. तिनं काढला नाही. महाराजांनी मनगट धरून मागे ओढला.

"ती बरोबर घालत होती," बायजा म्हणाली.

"हो."

"आणि मी वरून मूठ..."

"रोज."

"आणि माणसं ते खात होती."

"खात होती."

"तुम्ही खात होतात."

महाराजांनी मान डोलावली.

"तुम्हाला कळत होतं?"

"जिभेला कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाहेर मिठागरावर फावडी ओढल्याचा आवाज येत होता. खरड, खरड.

"नेम होता," महाराज म्हणाले.

"नेम."

दाताखाली आलेला खडा थुंकावा तसा तिनं तो शब्द थुंकला.

"ती तुमच्याकडे बघत होती," बायजा म्हणाली. "एक शब्द. खारट. एवढाच शब्द लागत होता. मी तुमचं ऐकलं असतं. मी कुणाचं ऐकत नाही, पण तुमचं ऐकलं असतं. पोर पानं मांडत असती आता."

महाराज पानापाशी बसले. भातावर आमटी ओढली, कालवली, घास केला, तोंडात घातला. बायजा बघत होती. त्यांच्या तोंडावर कधी न हललेली सुरकुती हलली. डोळ्यांत पाणी आलं. ते चावायला गेले, त्यांना चाववेना.

त्यांनी तो घास जमिनीवर थुंकला.

या मठात कुणी घास थुंकलेला नव्हता. मिठागरावरच्या उपाशी माणसानंही नाही, रानटी बैराग्यानंही नाही.

"खारट आहे," महाराज म्हणाले. "बायजा, फार खारट आहे. तोंडात धरवत नाही."

"आज सांगताय."

"आज."

"कुणाला सांगताय? कोण उरलंय इथं?"

त्यांनी ओठ पुसले. पान बाजूला सारलं.

...

बांधावरून कुणीतरी हाक दिली, मचवा आला, मचवा. भरती चढली होती. मठाच्या दारातून शीड दिसत होतं, मळकं, अजून लांब.

बायजा उठली. तिनं चूल विझवली. आमटीचं पातेलं उचललं, दारातून बाहेर नेलं आणि मातीत पालथं केलं. कौलावरचा कावळा उतरला, चोच लावली आणि उडून गेला.

ती परत आली. लुगडं नीट केलं.

"मी चालले बांधावर," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत तरी चालेल. अळणी होती म्हणायला आता कुणी लागत नाही."

महाराज बसून होते.

"तो विचारेल. आई, माझी बायको कुणी घालवली, विचारेल. मी माझं नाव सांगणार. तोंडात मारली ती मी. जा म्हटलं ते मी. लपवायचं कशाला? तो थुंकेल माझ्यावर. थुंकू दे."

ती दाराकडे वळली. उंबऱ्याशी तिचे पाय थांबले. इतकी फटकळ बाई, पण पोटच्या पोरापुढे जायचं होतं. ती मागे न बघताच बोलली.

"आणि तो म्हणाला, तुझी जीभ मेलेली होती आई, तुला काय कळणार, ज्याला कळत होतं त्याचं नाव सांग... तर काय सांगू, महाराज?"

शीड जवळ येत होतं. दगडावर पांढरं तसंच होतं. फावडी थांबली होती, माणसं मचव्याकडे निघाली असावीत.

महाराजांनी काठी शोधली. ती हाताशीच होती, तरी त्यांना सापडायला वेळ लागला. ते उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"चल, मी येतो. आणि त्यानं विचारलं तर..."

"तर काय?"

"सांग, केवलगिरी."