दोन हात फीत

गाण्यातलं माझ्याइतकं कळणारा माणूस आमच्या हिंगणपेठेत दुसरा नाही. बाकीचे सगळे गातात नाहीतर वाजवतात, त्यांना कळून घ्यायला वेळ कुठला? मला दोन्ही येत नाही, म्हणून वेळच वेळ. शाळाही चौथीपर्यंत. त्यात चौथी दोनदा, कारण मास्तरांना माझ्यावाचून करमेना.

तर बोधकथा म्हटली की राजा लागतो, नाहीतर कोल्हा तरी. हिंगणपेठेत राजा नाही. कोल्ह्याचं काम मी बघतो.

या पेठेत अनसाक्का नावाची बाई मिरची कांडपाचं यंत्र चालवी. तिला दोन मुलं, दिनकर आणि मालन. दिनकर भरभर बोलायचा, भरभर चालायचा, ताट वाढेपर्यंत जेवून उठायचा. धाकटी मालन अगदी उलट. तिला नाव विचारलं तरी ती आधी विचार करायची.

दिनकरला गिटारीचा नाद. अनसाक्का जात्यावर बसून जी ओवी म्हणायची, ती त्यानं सहा तारांवर बसवली. इतकी भरभर, की बायका म्हणायच्या, "अनसाक्का, तुज्या जात्याला बैल जुंपलाय का काय गं?" पण ऐकायच्या. पदर डोळ्याला लावून ऐकायच्या.

मी टेप दुरुस्त करतो. एकदा दिनकरला दुकानात बसवून ती ओवी मी कॅसेटवर भरून घेतली. पुढच्याच वर्षी काविळीनं तो गेला. जातानाही घाईच केली.

घरात राहिली एक गिटार, एक कॅसेट आणि दोघी बायका.

मालननं गिटार हातात घेतली. दिवसभर कांडपाच्या तिखटानं बोटं जळायची. ती खोबरेल लावून बोटं निववायची, पुसायची, मग तारेला हात घालायची. कॅसेट थोडी ऐकायची, तेवढी वाजवायची. परत ऐकायची. दिनकरचे पंजे फावड्याएवढे होते. त्याचं बोट जिथं सहज पोचायचं, तिथं पोचायला मालनची करंगळी ताणून ताणून सुजली. तरी दोन वर्षांत तिनं ओवी उचलली; मधली एक वळणाची जागा तेवढी हातात बसेना, ती दर वेळी कॅसेट लावून बघावी लागायची. डोळे मिटून ऐकलं तर दिनकरच.

अनसाक्का यंत्र बंद करायची आणि भिंतीला टेकून ऐकायची. म्हणायची, "आला गं माजा दिनू." रोज तेवढंच. मालननं वाजवलं, असं ती कधी म्हणाली नाही. मालननंही कधी विचारलं नाही.

एका दिवशी मी त्यांच्या दारात उभा राहून ऐकलं. मधे एका जागी मालन थांबली आणि गिटारीच्या लाकडावर बोटानं वाजवलं, टक टक. पुन्हा तारांवर गेली.

मी विचारलं, "पोरी, हे टक टक काय?"

"दादाचं हाय. कॅसेटमदी ऐका की."

मला हसू आवरेना. दिनकर वाजवत होता तेव्हा मी शेजारी बसून तंबाखू मळत होतो. ते टक टक माझ्या चुन्याच्या डबीचं! पोरीनं दोन वर्षं माझी डबीसुद्धा घोटून पाठ केली होती. सांगायला तोंड उघडलं, तर तिचा चेहरा दिसला. सांगितलं असतं, तर देवाच्या मूर्तीवरचं फूल कुणी उचलावं तसा झाला असता. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात हे दोनदाच घडलंय.

पुढं जत्रा आली. मंडळवाल्यांनी पाटी रंगवली, "हुबेहूब दिनकर! सादर करणार त्यांची बहीण." बहिणीचं नाव घालायला पाटीवर जागा उरली नव्हती म्हणे.

आणि जत्रेला महिना असताना मालनच्या टेपनं फीत खाल्ली.

ती कॅसेट पदरात बांधून आली. चुरगळलेली फीत बाहेर लोंबत होती. "तात्या, एक सूर जरी गेला ना, तर दादा दुसऱ्यांदा गेला म्हणा."

मी म्हणालो, "ठेव. उद्या ये."

आता खरं सांगतो. फीत चुरगळली होती, तुटली नव्हती. बोटानं सरळ करून, गुंडाळून दिली असती की झालं. पण मला ते टक टक आठवलं. आणि ती पाटी. कातरी हातात होती, आणि माझा हात लहानपणापासून वाईट. ओवीच्या ऐन मधला, त्या वळणाच्या जागेचा दोन हात तुकडा मी कापला आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली. दोन हात फीत म्हणजे वीस सेकंदं. मागच्या बाजूला शेतीच्या बातम्या होत्या, त्यातही थोडं पीक गेलं. तुकडा गुंडाळून काडेपेटीत घातला आणि काडेपेटी फळीवर ठेवली.

मालनला सांगितलं, "मधलं तेवढं फाटून गेलं बघ. टाकून दिलं."

ती खाली बसली आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर रडली. आवाज नाही, नुसते खांदे. माझा हात दोनदा फळीकडे गेला. पण कोल्ह्यानं कथेच्या मधेच माघार घेतली तर कथा कशी व्हायची? मी मान खाली घालून तंबाखू मळत बसलो. हातातून चुना सांडला.

मग ती रोज यायची. "तात्या, दादा तिथं वर जायचा का खाली? तुमी हुतात की ऐकायला."

"मला गाण्यातलं काय कळतंय?" मी म्हणायचो. बघा, खरं बोलायची वेळ कशी येते!

तिनं त्या जागी दहा-बारा तऱ्हा करून बघितल्या. प्रत्येक तऱ्हा दिनकरसारखी आणि प्रत्येक खोटी. अंगावर दुसऱ्याचा सदरा असावा तशी. तिथं आली की बोटं अडायची, आणि ती गिटार खाली ठेवायची.

एका दुपारी मी चहाला गेलो होतो. परत आल्यावर शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं, "मालन आली हुती. चूल पेटवायला काडी मागत हुती." त्यानंतर ती फिरकलीच नाही. मला वाटलं, कंटाळली. आता जत्रेत तोंडघशी पडणार, आणि पाप माझ्या डोक्यावर.

जत्रेच्या दिवशी मी मागं, खांबाच्या आड बसलो. पळायला बरं. अनसाक्का पुढं, पहिल्याच रांगेत, पदर सावरून. मालननं वाजवायला सुरुवात केली. हुबेहूब! माणसं माना डोलवू लागली. बैल जुंपलेलं जातं गरागरा फिरू लागलं.

आणि ती जागा आली.

मालन थांबली. मंडळवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी खांब घट्ट धरला. मग तिनं एकच तार छेडली आणि तिला पुरती वाजू दिली. विझेपर्यंत. मग दुसरी. करंगळी ताणली नाही, जिथं तिचं बोट आपसूक पडत होतं तिथंच टेकवलं. ओवी तीच होती, पण जातं आता हातानं फिरत होतं. मूठ मूठ दाणे पडत होते. मधे मालन विचार करायची, आणि तो विचारसुद्धा ऐकू यायचा. वीस सेकंदांची जागा, पोरीनं तिथं संसार मांडला! मग सावकाश उठून दादाच्या ओवीला जाऊन मिळाली. टक टकही केलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अनसाक्का उठून उभी राहिली होती.

"दिनूचं झालं," ती म्हणाली. "मदी कोन बोललं गं?"

मालन म्हणाली, "मी, आई."

"मग बोल की, बाई. किती दिस गप हाईस."

मालननं ओवी परत पहिल्यापासून धरली. या खेपेला सगळीच आपली. माणसांनी ती पाटीवरची अक्षरं विसरून ऐकलं. मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत तंबाखू गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला चुन्याच्या डबीचं सांगून टाकलं. ती हसून हसून लोळली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते टक टक. दादाच्या शेजारी कोण बसलं हुतं, ते तरी कळतंय." माझ्या वाजवण्याची एवढीच कदर आजवर झाली आहे.

काडेपेटीचं मात्र मी बोललो नाही. बरीच वर्षं गेली. आता म्हातारा झालो, पोटात काही राहत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं आणि मालनच्या दारात बसून तिला वाचून दाखवलं. शेवटची ओळ घसा खाकरून वाचली.

तात्पर्य: थोरांचं वाजवणं मनापासून घोटावं, पण त्यात स्वतःला बोलायला जागा ठेवावी; आणि ज्याला ती जागा सापडत नाही, त्याला एखाद्या शहाण्या माणसानं कातरीनं करून द्यावी.

मालननं गिटारीवरून हात काढला. नेहमीसारखा आधी विचार केला. मग म्हणाली, "शहाणा माणूस! तात्या, चुलीला काडी मागायला आले तवा फळीवरची काडेपेटी मीच उघडली हुती. फीत बगितली, हातात घेतली, आन् जशी हुती तशी परत ठेवली. जत्रेला तवा आठ दिस हुते."