घंगाळात विरघळलेली राजकन्या

एका राज्यात, जिथे साळुंक्या दरबारात सल्ला देत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, तिथे कनकांगी नावाची राणी होती. राणी भलती कामसू. तिचा हात रिकामा म्हणून कधी दिसायचा नाही. भैरुंड मांत्रिकाने तिची तान्ही लेक मंजरी शिष्या म्हणून मागितली, तेव्हा राणीने त्याला सरळ वेशीबाहेर हाकलले. जाताजाता त्याने शाप दिला. दुसऱ्या सकाळी न्हाता न्हाता मंजरी घंगाळातल्या पाण्यात विरघळून गेली. मागे उरला तिच्या मनगटाचा काळा दोरा.

राजा मटकन खाली बसला. राणीने पदर खोचला आणि दरबारातल्या साळुंकीला विचारले,

"साळुंके, लेक परत कशी मिळेल?"

"तीन कामे करा, राणीसाहेब. घंगाळातले हेच पाणी तापवून त्यात साखर विरघळवा, आणखी कण विरेनासा होईपर्यंत. मग हा दोरा भिजवून साखरेत घोळवा, खडखडीत वाळवा आणि पाक कोमट झाला की आत सोडा. गरम पाकात सोडाल तर दोऱ्यावरची साखर विरेल. तळाला टेकू देऊ नका."

"आणि तिसरे?"

"स्वस्थ बसा."

"एवढेच ना?" राणी हसली.

पहिली दोन कामे तिने चुटकीसरशी उरकली. मग घंगाळ कुठे ठेवायचे? लेक ती, पाळण्यातच ठेवायची! राणीने घंगाळ पाळण्यात ठेवले, दोरी धरली आणि अंगाई गात झोके दिले. काही दिवसांनी पाहते तो दोरा तसाच, आणि तळाशी रव्यासारखी बारीक साखर.

"हलवलेत!" साळुंकी कडाडली. "हललेला पाक घाईघाईने कुठेही बसतो. आता पुन्हा तापवा, पण हे शेवटचे. तिसऱ्यांदा तापवाल तर पाक करपेल आणि लेक कायमची जाईल."

राणीने पुन्हा सारे केले आणि या खेपेला घंगाळ दगडी ओट्यावर ठेवून वर पातळ फडके बांधले. राजाने नगारे बंद करवले. राणी हात मांडीखाली दाबून समोर बसली. दोऱ्यावरच्या कणांवर कण चढू लागले, कोन धरू लागले.

ते कळताच भैरुंड गुपचूप खिडकीखाली आला आणि मंजरीच्या आवाजात रडू लागला. राणीचा जीव कळवळला. हात ओट्याकडे निघालाही.

"मी इथेच आहे गं, बाळे," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

भैरुंड दुसऱ्यांदा रडला. राणी रडली, पण हलली नाही. तिसऱ्यांदा तो असा जिवाच्या आकांताने रडला, की त्याची सारी विद्या त्या रडण्यात खर्ची पडली आणि तो साधासुधा म्हातारा होऊन खोकत निघून गेला.

दोऱ्यावर मुठीएवढा पारदर्शक खडा लकाकू लागला, तेव्हा साळुंकीने मान डोलावली. राणीने तो अलगद उचलून उन्हात धरला. खडा उबदार झाला, हातपाय झाडू लागला आणि भुकेने टाहो फोडता झाला. मनगटात काळा दोरा होता.

राजाने नगारे झडवले, उरलेल्या पाकाची खडीसाखर घरोघर वाटली. राणीने मात्र लेकीला पोटभर पाजून पाळण्यात निजवले, दोरी हाती घेतली आणि इतके दिवस आवरून धरलेले सगळे झोके तिला देऊन टाकले.