आबासाहेबांचा अर्ज

माजी नगराध्यक्ष आबासाहेब रणदिवे यांनी आपल्या जुन्या घराचे बत्तीस लाख सांगितले. सरकारी दवाखान्यातल्या नर्स कुसुमताई तांडेल यांनी अठरा लाख देऊ केले. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि कर्ज काढूनही त्यांची धाव तेवढीच होती.

आबासाहेब चार माणसांदेखत हसले. "बाई, अठरा लाखांत गोठा येतो. भिंती बघा, किल्ल्यासारख्या आहेत."

कुसुमताईंनी पिशवीतून कागद काढला. घरपट्टीची थकबाकी बघायला त्या नगरपालिकेत गेल्या, तेव्हा आबासाहेबांच्याच अर्जाची ही नक्कल त्यांना मिळाली होती. त्यांनी ती वाचून दाखवली. "भिंतींना ओल आहे, छप्पर गळते. घराची किंमत अठरा लाखांवर जात नाही, तरी घरपट्टी कमी करावी."

"अर्जात तसं लिहावं लागतं हो," आबासाहेब पुटपुटले.

"म्हणजे अर्ज खोटा? तर उद्या नगरपालिकेत तसं कळवते. खरा असेल, तर माझे अठरा लाख घ्या. तुमचा शब्द मी एका रुपयानंही खाली पाडलेला नाही."

अर्ज अक्षरन् अक्षर खरा असल्याचं आबासाहेबांनी चौघांसमोर सांगितलं. सोमवारी खरेदीखत झालं. पुढचा सगळा पावसाळा सरला, पण छपरातून एक थेंबही गळला नाही.