कोपऱ्यातला राजा

"शिकारीच्या बंगल्यासाठी शिवणीच्या झाडांची राई उद्या सकाळी तोडायची!" धवलराजांनी हुकूम सोडला आणि कातारआळीतली कामं थांबली. आळीतली बारा घरं त्याच लाकडाची खेळणी नि बुद्धिबळाचे मोहरे कातून पोट भरत. बाप्ये कपाळाला हात लावून बसले. गोजरा कातारीण मात्र तडक दरबारात गेली.

"सरकार, शिकारीचा बंगला सागाचाही होतो. आमची राई राहू द्या!"

राजांना बुद्धिबळाचं भारी वेड आणि हट्ट त्याहून भारी. त्यांनी पट पुढं ओढला.

"हा माझा राजा, हा वजीर आणि हे कडेचं प्यादं. दोन घरं चाललं की त्याचाही वजीर! तुला राजा आणि वजीर, बस्स. तुझा राजा हव्या त्या घरात ठेव, प्याद्याच्या वाटेत तेवढा नको. पन्नास खेळ्या टिकलीस तर राई तुमची!"

दरबारात हशा पिकला. याच डावात सात नामांकित खेळाडू धूळ चाटून गेले होते. सातांनीही आपला राजा प्याद्याच्या आसपास आणून ठेवला होता.

पण मोहरे कातून झाले की बापाशी एक डाव मांडायचा, हा गोजराचा रोजचा नेम. तिनं राजा उचलला आणि प्याद्यापासून सगळ्यांत लांबच्या, तिरक्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"अगं, तुझा राजा पळाला की!"

"पळाला नाही सरकार, बसलाय!"

डाव सुरू झाला. दिवाणजी खेळीमागे एक चिंचोका वाटीत टाकू लागले. गोजराच्या वजिरानं शह दिला. राजांनी आपला वजीर मध्ये घातला. हीच त्यांची हुकमी चाल! मध्ये आलेला वजीर उलटा शह द्यायचा, वजिराला वजीर कापला जायचा आणि प्यादं मोकळं सुटायचं. पण आज उलटा शह बसेचना! गोजराचा राजा पार त्या टोकाला, कुठल्याच रेषेत नाही. तिनं वजीर अलगद बाजूला घेतला आणि दुसरीकडून पुन्हा शह!

प्यादं रडतखडत एक घर सरकलं, पुढचं घर काही मिळेना. पन्नासावा चिंचोका वाटीत पडला.

राजांनी पट ढकलून दिला. "हा काय खेळ झाला? वजीर मैदानात झुंजतोय आणि राजा कोपऱ्यात दडून बसलाय! राजाला हे शोभतं का?"

गोजरानं हात जोडले.

"सरकार, आधीच्या सातांचे राजे पुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या वजिरांनी शत्रूला शह द्यायचा, की आपल्या धन्याला सांभाळायचं? माझ्या राजानं एकच हुशारी केली. मदतीला आला नाही!"

हसू दाबता दाबता दिवाणजींना जोराचा ठसका लागला.

"तुम्हांला हो काय झालं, दिवाणजी?" राजांनी डोळे वटारून विचारलं आणि विचारता विचारता त्यांनाच हसू फुटलं. पोट धरधरून हसले!

"राई कातारआळीला बहाल! आणि हिला सोन्याचं कडं द्या. गोजरा, उद्या पुन्हा यायचं. डाव हाच, पण उद्या कोपऱ्यात मी बसणार!"