नदीला हाक मारणारी हौसा

एका राज्यात, फार पूर्वी, भर चौकात शिंगाचा सूर वाजता वाजता फाटला. जुने लुगडे काट्याला अडकून टर्रकन फाटावे, तसा तो आवाज. ज्यांनी तो ऐकला ते पुढे म्हातारे झाले, तरी त्यांच्या कानांतून तो गेला नाही.

त्या राज्यातली नदी आपण होऊन येत नसे. दर पाडव्याला तिला डोंगरावरून बोलवावे लागे. राजवाड्यापुढच्या चौथऱ्यावर शिंगवाल्यांच्या घरातले माणूस उभे राही. सारे नगर समोर बसे. शिंगाची एक लांब हाक डोंगरापार गेली की नदी खळखळत उतरे आणि वर्षभर नांदे.

त्या वर्षी शिंगवाला वारला होता, म्हणून त्याची मुलगी हौसा उभी राहिली. रानात ती अशी वाजवी की चरती हरणे मान वर करत. पण चौथऱ्यावरून तिने ते सारे डोळे पाहिले आणि ती भ्याली. सूर फाटला. कुणीतरी फिसकन हसले. वाटेला लागलेली नदी तिथेच थबकली.

नगरावर डूख धरलेला भुजंगनाथ जादूगार याच घटकेची वाट बघत होता. त्याने डोंगरमाथ्यावर नदीला गाठ मारली आणि शाप दिला, "ज्या तोंडाची हाक चुकली, त्याच तोंडाने, त्याच डोळ्यांसमोर ती पुरी होईल, तेव्हाच ही गाठ सुटेल." मग तो त्याच नगरात घर करून निवांत राहिला. हौसा पुन्हा चौथरा चढायची नाही, हे त्याला ठाऊक होते.

विहिरी आटल्या. राजाने दवंडी पिटवली, "पुढच्या पाडव्याला नदी आली नाही, तर नगर सोडायचे. वाट लांबची आहे. ज्याला चालवेल त्याने निघावे."

हौसाची आई अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली, "मला इथेच राहू दे, बाळ. छपराची सावली आहे." हौसाने शिंग पाठीला बांधले आणि काळदरीची वाट धरली. त्या दरीत अभयमणी होता. तो गळ्यात घातला की माणसाची भीती जाते, असे लोक सांगत.

वेशीवर शेजारची कोंडाबाई म्हणाली, "कुठे ग निघालीस? आता समुद्राला पळवून लावतेस की काय?"

दरीत एका वडावर म्हातारा धनेश पक्षी बसला होता. झाडाखाली दगडी माणसे होती, डोळे उघडे.

"मणी हवा?" धनेशाने विचारले.

"हवा. ही भीती मला नको."

"तीन कामे कर. ही पाण्याने भरलेली वाटी झुलत्या पुलापलीकडे ने. थेंब सांडू नकोस."

पुलाच्या दोरांवर साळुंक्या बसल्या होत्या. त्या हौसाच्याच आवाजात बोलू लागल्या. "सांडणार! हात बघ कसा हलतोय! तेव्हाही असंच झालं होतं!" हौसा ओरडली, "नाही सांडणार!" आणि वाटी सांडली. पुन्हा भरली. या खेपेला तिने साळुंक्यांना हुसकायला हात उगारला, तशी पुन्हा सांडली. मग ती म्हणाली, "बोला बायांनो. तोंड तुमचं, वाटी माझी." तिने नजर वाटीच्या काठावर ठेवली. साळुंक्या बोलत राहिल्या, हौसा चालत राहिली. वाटी पलीकडे पोचली.

"आता त्या घोड्याची भीती घालव," धनेश म्हणाला.

खुंटाला पंखांचा घोडा बांधला होता. थरथर कापत होता. हौसाने त्याला थोपटले, चुचकारले. तो अधिकच कापू लागला. तिने त्याच्या मानेला गाल लावला. त्याचे काळीज असे उडत होते, जसे चौथऱ्यावर तिचे उडाले होते. ती हळूहळू लांब श्वास सोडू लागली. घोड्याचा श्वासही लांबला. पण कापणे थांबेना. तिने त्याच्या ताणलेल्या मांड्या पाहिल्या, अर्धे उघडलेले पंख पाहिले, आणि दावे सोडले. घोडा आभाळात गेला.

"सोडायला कुणी सांगितले?"

"तो भ्याला नव्हता, बाबा. उडायला तयार झाला होता. बांधलेला, म्हणून भ्याल्यासारखा दिसत होता."

धनेशाने मान डोलावली. "आता या दगडी माणसांपुढे शिंग वाजव. आणि मध्येच, मुद्दाम, सूर फाड."

हौसाचा चेहरा उतरला. "तेवढं सांगू नका."

"तेवढेच सांगतो."

दिवस कलला तरी तिचा हात शिंगाला जाईना. शेवटी तिने डोळे मिटून वाजवले आणि सूर फाडला. दगडी डोळे तिच्याकडे वळले. तिने शिंग खाली घेतले.

"खाली का घेतलेस? वाजव पुढे."

"फाटल्यावर?"

"फाटले तिथूनच."

तिने वाजवले. वाकडा, खरखरीत सूर, पण तो पुढे गेला. पुन्हा फाडला, पुन्हा उचलला. असे करता करता तिला त्या आवाजाची लाज वाटेनाशी झाली.

"मणी घे," धनेश म्हणाला.

हौसाने दगडी माणसांकडे बोट केले. "ही कोण?"

"ज्यांनी मणी घातला ती. भीती गेली. मग कशाचीच ओढ राहिली नाही. बसली ती बसलीच."

हौसा उभी राहिली. म्हणाली, "मग राहू द्या. मी आईपायी भिते. भीती गेली तर आईची ओढही जाईल."

पाडवा आला. गाड्या भरून उभ्या होत्या. हौसा चौथरा चढली तेव्हा भुजंगनाथ पुढेच बसला होता. "ये मुली," तो गोड बोलला. "सारे डोळे आणले आहेत. एक कमी होऊ दिला नाही."

"हौसे, आटप लवकर," कोंडाबाई ओरडली. "बैल उन्हात उभे आहेत!"

हौसाच्या मनात तिचाच आवाज म्हणाला, फाटणार. 'बोल बाई,' ती मनात म्हणाली, आणि तिने नजर डोंगराच्या खिंडीवर ठेवली. लांब श्वास सोडला. शिंग ओठाला लावले.

हाक निघाली, चढली, आणि मध्यावर फाटली.

लोकांच्या तोंडून हाय निघाली. भुजंगनाथाने टाळी वाजवली. पण हौसाने शिंग खाली घेतले नाही. फाटले होते तिथूनच तिने सूर उचलला. तो खरखरला, मग स्थिरावला, मग डोंगर ओलांडून गेला. माथ्यावरची गाठ सुटली.

नदी आली. बैलांच्या खुरांतून गेली, विहिरींत उतरली, हौसाच्या दारावरून वाहिली. आई आतून म्हणाली, "आली वाटतं." राजाने गाड्यांचे बैल सोडायला सांगितले. लोक घागरी घेऊन धावले. चौक रिकामा झाला.

भुजंगनाथ एकटाच उरला, घोटाभर पाण्यात. हौसा खाली उतरली. तिने तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या पाणी. केव्हाचे उन्हात बसला आहात."

त्याने तांब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. ओले धोतर गुडघ्यापर्यंत उचलून धरले, आणि पाणी न घेताच तो वेशीकडे चालू लागला.