सर्व्हर कुणाला अडवतो

संचालक राजोपाध्ये साहेब खवळले होते. बैठक तोंडावर आलेली आणि त्यांचा कॉम्प्युटर सर्व्हरवरची गोपनीय फाइल उघडेना. ‘परवानगी नाही’ एवढंच म्हणे.

“मलाच परवानगी नाही? दुरुस्त करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!” ते तंत्रज्ञ हेमांगीवर कडाडले.

हेमांगीनं शांतपणे विचारलं, “साहेब, रोज हा कॉम्प्युटर कोण सुरू करतं?”

“बाबाजी शिपाई. ते काय माझं काम आहे?”

“ते स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पासवर्डनं सुरू करतात. सर्व्हर खुर्ची ओळखत नाही, नाव ओळखतो. त्याच्या लेखी इथे बाबाजीच बसलेत. आणि शिपायांना ही फाइल दाखवायची नाही, हा हुकूम तुमच्याच सहीचा आहे.”

साहेबांनी खण उघडून स्वतःच्या पासवर्डचं, दोन वर्षं न फोडलेलं पाकीट बाहेर काढलं.