छत्री पुढे, शास्त्रीबुवा मागे

“आणि पोथ्या एकूण किती आहेत म्हणालात?”

“अजून मी काहीच म्हणालो नाही,” आबाशास्त्री म्हणाले.

ते खरंच होतं. काशीतल्या जुन्या पाठशाळा पायी फिरवून दाखवणारे हे आबाशास्त्री, वय एक्याऐंशी. सकाळी सातला आम्ही त्यांना घाटावर भेटलो आणि तेव्हापासून बोलत होता तो शार्दूल. माझा नवरा. लग्नाला एकोणीस दिवस झाले होते.

शार्दूलनं महिनाभर वाचून टिपणं काढली होती. कुठल्या ओसरीवर न्याय शिकवत, कुठल्या ओसरीवर व्याकरण. शास्त्रीबुवांनी एखाद्या इमारतीकडे बोट उचललं की हा माहिती सांगायचा. ते बोट खाली घ्यायचे.

या सगळ्यामागे एक पोथी होती. शार्दूलचे खापरपणजोबा हरभट कोकणातून चालत काशीला आले, बारा वर्षं शिकले आणि स्वतःच्या हातानं उतरवलेली पोथी इथल्या एका पाठशाळेत ठेवून गेले. घरात हे सगळे सांगतात. पोथी पाहिलेली कुणीच नाही. पाठशाळा आता बंद असते. तिची किल्ली आबाशास्त्र्यांच्या जानव्याला बांधलेली, आणि त्यांच्या मनात आलं तरच दार उघडतं, असं आम्हाला कळलं होतं.

म्हणून शार्दूल सकाळपासून लायकी सिद्ध करत होता.

“पोथी दाखवाल ना?”

“बघू.”

“हरभटांबद्दल मला सगळं ठाऊक आहे.”

“छान.”

“या गल्ल्यासुद्धा. नकाशा पाठ केलाय मी.”

शास्त्रीबुवा थांबले. हातातली मिटलेली काळी छत्री त्यांनी शार्दूलच्या हातात दिली.

“मग पाठशाळेपर्यंत तुम्ही पुढे व्हा. दाखवणाऱ्यानं छत्री उंच धरायची, एवढीच आमच्यात रीत.”

शार्दूल खूश. छत्री उंच धरून निघाला. पहिल्याच वळणावर दोन वयस्कर गुजराती बायका आमच्यामागे लागल्या. त्यांना वाटलं, हाच गाईड.

डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एका गल्लीच्या टोकाला कुणाचं तरी स्वयंपाकघर निघालं. आतल्या बाईंनी रोटी लाटता लाटता, मान वर न करता, “उधर से,” म्हणून सांगितलं. त्यांना ते रोजचंच असावं.

पुढच्या गल्लीत बैल बसला होता. तो नकाशात नव्हता.

एकाच कचोरीवाल्यासमोरून आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं शार्दूलला नमस्कार केला. गुजराती बायका तिथेच बाकावर बसल्या. शहाण्या होत्या.

“विचार ना शास्त्रीबुवांना,” मी हळूच म्हटलं.

“विचारलं की किल्ली गेली,” शार्दूल दातांतून म्हणाला.

शास्त्रीबुवा मागून येत होते. चेहरा असा, की काशी आजच पाहतायत.

चौथ्यांदा कचोरीवाल्यानं न विचारता तीन द्रोण पुढे केले.

शार्दूलनं छत्री खाली घेतली.

“शास्त्रीबुवा...”

“हं.”

“मला रस्ता माहीत नाही.”

...

शास्त्रीबुवांनी कचोरी सावकाश संपवली. हात धुतले. पंच्याला पुसले.

“सोडमुंज झाली तुमची?”

“अं? झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी.”

“छत्री होती?”

“होती. काठी, छत्री, उपरणं, सगळं. काशीला शिकायला जातो, असं म्हणून निघायचं असतं ना.”

“निघालात?”

“मांडवाच्या दारापर्यंत. मग मामांनी हात धरला. माझी मुलगी देतो, परत चल, म्हणाले.”

“दिली?”

शार्दूलनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मामांची कुणी लागत नव्हते.

“मामांना मुलगी नाहीये,” तो म्हणाला. “दोन मुलगे आहेत.”

“आणि तरी परत फिरलात.”

कचोरीवाला खो खो हसला. इतकी वर्षं शास्त्रीबुवांच्या शेजारी बसून त्याला मराठी येत असावं.

“किती चालला होतात?”

“ते कोण मोजतं, शास्त्रीबुवा!”

“अकरा पावलं,” मी म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. सासरी तो व्हिडिओ मला चारदा दाखवला होता. नव्या सुनेनं चारदा बघायचा तर काहीतरी मोजायला हवंच.

शास्त्रीबुवांनी सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर ओढलं. कचोरीच्या दुकानाला लागूनच एक निळं दार होतं. आम्ही चारदा ओलांडलेलं. त्यांनी किल्ली फिरवली. आतून जुन्या कागदांचा गार वास आला.

शार्दूल उंबऱ्याशी थबकला. मग घाईघाईनं टिपणांची वही उघडू लागला. शास्त्रीबुवांनी ती त्याच्या हातातून काढून माझ्याकडे दिली. छत्री मात्र त्याच्याकडेच राहू दिली.

“आज मामा नाहीत,” ते म्हणाले. “टाका बारावं.”